बंदुकीचा बार आणि मुकी गोळी

'बंदूक' हा शब्द बंदुकीपेक्षा जुना आहे. वर्गात हे सांगितले की मुले आधी हसतात आणि मग विचारतात, "सर, मग आधी बंदूक म्हणजे काय होते?" प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर बरेच लांब जाते.

अरबीत 'बुंदुक' म्हणजे कठीण कवचाचे एक फळ. फारसीत त्यालाच 'फुंदुक' म्हणतात. हल्ली सुक्या मेव्याच्या दुकानात आणि चॉकलेटच्या वेष्टनावर ते हेझलनट या नावाने भेटते. त्या फळाएवढ्या मातीच्या गोल गोळीलाही बुंदुक म्हणू लागले. ही गोळी धनुष्यातून मारत. दोरीच्या मधोमध एक छोटी झोळी असे, तिच्यात गोळी ठेवायची, ताणायची आणि सोडायची. अरब त्याला 'कौस-अल-बुंदुक' म्हणत, म्हणजे बुंदुकाचे धनुष्य. उर्दूत आणि दखनीत ती गुलेल, मराठीत गलोल. आज आपण गलोल म्हणतो ती इंग्रजी वाय आकाराच्या फांदीला रबर बांधलेली बेचकी. जुनी गलोल मात्र खरेखुरे धनुष्यच होते.

बगदादच्या अब्बासी काळात या धनुष्याने पक्षी टिपणे हा मोठा मानाचा शौक होता. खलिफा अन-नासिर याने (कारकीर्द 1180 ते 1225) तर त्याचे नियम बांधले. नेमबाजांच्या संघटनेचा तो स्वतः प्रमुख झाला आणि दूरदूरचे सरदार त्याच्या नावाने या मंडळीत दाखल होऊ लागले. पुढे इजिप्तच्या मामलूक दरबारात सुलतानाचे बुंदुक-धनुष्य सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला 'बुंदुकदार' म्हणत. ऐन जालूतच्या लढाईत मोंगोलांना रोखणाऱ्यांपैकी एक असलेला आणि नंतर सुलतान झालेला बैबर्स आपल्या नावापुढे 'अल-बुंदुकदारी' लावत असे, कारण त्याचा पहिला मालक असा बुंदुकदार होता. बैबर्स 1277 मध्ये वारला, तोवर इजिप्तच्या फौजेच्या हाती आजच्या अर्थाची बंदूक आलेली नव्हती.

म्हणजे पहिली बंदूक मुकी होती. दोरीचा टणत्कार काय होईल तेवढाच. झाडावरचा एक पक्षी खाली पडला तरी शेजारच्या फांदीवरच्याला पत्ता लागेलच असे नाही.

या मुक्या गोळीवर आपल्या फिकहच्या ग्रंथांत बरीच चर्चा आहे. शिकार करणाऱ्या घरांतून तिचे पडसाद अजून ऐकू येतात, म्हणून थोडे थांबतो. बोटाने खडे उडवण्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली होती. त्याने ना शिकार होते, ना शत्रू जायबंदी होतो. फुटतो तो कुणाचा तरी दात नाहीतर डोळा, असे कारण हदीसमध्ये आले आहे. हजरत अदी बिन हातिम (र.) यांनी फेकून मारायच्या काठीविषयी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की टोकाने लागून जखम झाली तर खा, आडवी लागून प्राणी मेला तर खाऊ नका. कुरआनने आघाताने मेलेला प्राणी हराम ठरवला आहे, आणि बुंदुकाने मेलेला पक्षी त्यातच मोडतो हे हजरत इब्ने उमर (र.) यांचे मत इमाम बुखारींनी नोंदवले आहे.

पुढे शिशाची गोळी आली आणि उलेमांपुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. तिला नावही त्यांनी जुनेच दिले, शिशाचा बुंदुक. ही गोळी कापते की ठोकर मारते? दमास्कसचे हनफी विद्वान इब्ने आबिदीन यांचे म्हणणे, ती जोराने आणि जाळून मारते, धारेने कापत नाही, म्हणून जिवंतपणी जबह झाली नाही तर शिकार हलाल नाही. त्यांचेच समकालीन, येमेनचे शौकानी म्हणाले, ही गोळी शरीर भेदून आरपार जाते, तेव्हा मातीच्या गोळीचा नियम तिला लावता येणार नाही. भारतातील बहुतेक हनफी उलेमांनी पहिली बाजू धरली. म्हणूनच आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांच्या हकिकतींत बार उडाल्याबरोबर सुरी घेऊन पळणारा एक माणूस हमखास असतो.

मला या वादात रस आहे तो वेगळ्या कारणाने. दोन्ही विद्वान खरे तर गोळीच्या वेगाबद्दल बोलत होते. मातीची गोळी हळू जाते आणि ठोकरते. शिशाची गोळी इतकी वेगात जाते की भेदते. आणि वेगाबरोबरच आला आवाज.

दख्खनमध्ये दारूगोळा रुजला तो बहमनी आणि आदिलशाही काळात. मराठीत 'दारू' या एका शब्दात प्यायची आणि उडवायची दोन्ही येतात, याची गंमत उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला समजावताना माझी दरवर्षी थोडी तारांबळ होते. फारसीत दारू म्हणजे औषध, हे सांगितले की गोंधळ आणखीच वाढतो. पण तोफखान्याची आपली सगळी परिभाषाच तुर्की-फारसी आहे. तोफ, तोपची, जंबुरा (फारसीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी), बरकंदाज म्हणजे वीज फेकणारा, गोलंदाज म्हणजे गोळा फेकणारा. गोलंदाज हे आडनाव लावणारी मुसलमान घरे आजही आपल्या भागात आहेत. क्रिकेट आले तेव्हा मराठीने बोलरला तोच शब्द दिला आणि त्याच्या वजनावर बॅट्समनला फलंदाज केले. बिचाऱ्या फलंदाजाला फारसीत आगापीछा नाही.

या शब्दांतून काय ऐकू येते पाहा. वीज, गांधीलमाशी, गडगडाट. मारण्याइतकेच महत्त्व आवाजाला होते. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ पाहिली की हे पटते. मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली. वजन 55 टनांच्या घरात, लांबी सव्वाचार मीटरच्या पुढे, आणि तोंड सिंहाच्या जबड्याचे, त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. ज्या शेरझा बुरुजावर ती ठेवली आहे तिथे पाण्याचे टाके दाखवतात. बत्ती दिली की गोलंदाज त्यात बुडी मारायचा, म्हणजे कान फुटायचे नाहीत, असे मार्गदर्शक सांगतात. दंतकथाच असेल. पण दंतकथा सुद्धा आवाजाचीच आहे, कुणाला किती मारले याची नाही.

1818 नंतर विजापूरचा मुलूख काही वर्षे सातारच्या गादीकडे होता, 1848 ला गादीच खालसा झाली. मग 1854 मध्ये निकामी माल म्हणून या तोफेचा लिलाव पुकारला गेला. सर्वांत मोठी बोली आली 150 रुपयांची. एवढ्याला विकणे शोभेना म्हणून विक्री रद्द झाली आणि तोफ राहिली. त्याच शहरात गोल घुमटाच्या सज्जात एका बाजूला कुजबुजले तर पलीकडे ऐकू येते. आदिलशाही कारागिरांना ध्वनीचे दोन्ही टोकांचे ज्ञान होते असे म्हणायला हरकत नाही.

तोफेचा आवाज निरोपासारखाही वापरत. जुलै 1660 ची घोडखिंड सगळ्यांना पाठ आहे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून महाराज विशाळगडावर पोहोचले की तोफा होणार होत्या, आणि तो आवाज कानी पडेपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड धरून ठेवायची होती. खिंडीतल्या माणसाला विशाळगडाचे दार दिसत नव्हते, त्याने ऐकायचे होते. रमजानमध्ये इफ्तारची तोफही अशीच. मध्य प्रदेशात रायसेनच्या किल्ल्यावरून ती अजून उडते. आपल्याकडे तिची जागा भोंग्याने घेतली आणि आता मोबाईलने. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी एका हुकमावर बार काढत, त्याचाही अर्धा धाक कानांवरच होता. भाषेत हे मुरले आहे. ज्याची भीती वाटत नाही त्याला आपण 'फुसका बार' म्हणतो.

आता थोडे विज्ञान, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

बंदूक झाडली की दोन वेगवेगळे आवाज होतात. पहिला नळीच्या तोंडाशी. दारू जळून तयार झालेला तापलेला वायू प्रचंड दाबाने बाहेर पडतो आणि हवेवर आदळतो, तो धडाका. दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. 20 अंश तापमानाला ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. गोळी त्याहून वेगात असेल तर हवेला बाजूला व्हायला सवड मिळत नाही, हवेची घडी पडते आणि ती घडी आपल्या कानावरून गेली की फटकारा ऐकू येतो. कृष्णेत वेगाने होडी गेली की तिच्या नाकापासून दोन्ही बाजूंना पाणी कातरीसारखे फाटत जाते, तसेच हे. याहून जवळचे उदाहरण दारी येणाऱ्या पोतराजाचे आहे. त्याच्या आसुडाचा जो 'काड' आवाज होतो, तो दोरी अंगाला लागल्याचा नसतो. आसुडाचे टोक क्षणभर ध्वनीला मागे टाकते, त्याचा तो फटकारा असतो. शतकानुशतके हा माणूस आपल्या अंगणात ध्वनीचा वेग ओलांडत होता आणि आपण त्याला पसाभर जोंधळे देत होतो.

गोळीची ही हवेतली घडी प्रथम फोटोत पकडली गेली 1886 मध्ये. अर्न्स्ट माख याच्या सांगण्यावरून पेटर साल्खर याने तो प्रयोग केला, पुढच्या वर्षी तो प्रसिद्ध झाला. विमानांच्या वेगाचे 'माख' हे माप त्याच माखच्या नावाचे. आपल्याकडे फौजेत आणि पोलिसांत पुढे कित्येक दशके राहिलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 740 मीटर वेगाने निघे, म्हणजे ध्वनीच्या दुपटीहून जास्त. चारशे मीटरवरच्या माणसाला ती लागली तर बाराचा आवाज त्याच्या कानावर नंतर पोहोचायचा. जुने सैनिक सांगत की आपल्याला लागणारी गोळी ऐकू येत नाही. ते अनुभवाचे बोल होते, त्यात हिशेबही बरोबर आहे.

नळीच्या तोंडाशी होणारा धडाका कमी करण्याची युक्ती काढली हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन इंजिनिअरने. त्याच्या बापाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम. मॅक्झिम गन त्याचीच, 1884 च्या सुमाराची, जगातली पहिली खरी स्वयंचलित मशीनगन. आफ्रिकेत आणि आपल्या वायव्य सरहद्दीवर साम्राज्याने जी माणसे कापली त्यात या यंत्राचा मोठा वाटा होता. मुलगा लहान असतानाच बाप कुटुंब अमेरिकेत सोडून युरोपात गेला. लंडनमध्ये त्याला सर किताब मिळाला. आणि आयुष्यभर आपल्याच बंदुकांशेजारी उभा राहून तो जवळजवळ ठार बहिरा झाला.

मुलाला पेटंट मिळाले 1909 मध्ये, सायलेन्सरचे. स्नानाच्या टबातून पाणी जाताना भोवरा होतो, तो पाहून कल्पना सुचली असे तो सांगे. वायूला एकदम बाहेर न सोडता आत फिरवत, थंडावत, हळूहळू सोडायचा, एवढे त्यातले तत्त्व. सरावाला गेलेल्या नेमबाजाच्या कानाला आणि शेजाऱ्याच्या झोपेला त्रास होऊ नये, हा त्याने सांगितलेला हेतू. बापाच्या कानांचा त्यात किती भाग होता ते त्याचे त्याला ठाऊक. याच माणसाने 1914 मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभी केली. एका हाताने तो आवाज दाबत होता आणि दुसऱ्या हाताने दूर पोहोचवत होता.

मॅक्झिमच्या कंपनीने पुढे इंजिनांचे आणि कारखान्यांचे सायलेन्सर बनवले. आपल्या गाडीला जो असतो तो याच कुळातला. आणि इथे इस्लामपूरच्या रस्त्यावरची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमध्ये एन्फिल्ड या गावी सरकारी बंदूक कारखाना होता. 1857 ला ज्या काडतुसांनी गाय आणि डुकराचा वाद पेटवला ती रायफल तिथली. थ्री-नॉट-थ्री ली-एन्फिल्ड तिथली. त्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीने त्या गावाचे नाव घेऊन मोटारसायकल काढली, ती रॉयल एन्फिल्ड, आणि तिच्या एका मॉडेलचे नाव ठेवले बुलेट. आता आमची पोरे या बुलेटचा सायलेन्सर काढून फट्‌फट् आवाजाचा बसवतात, पोलीस ते जप्त करतात आणि त्यांवर रोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात. ज्याला धाक बसवायचा आहे त्याला आवाज लागतोच, मग तो आदिलशहा असो की कॉलेजातला पोरगा.

पण सायलेन्सर लावला म्हणून रायफल मुकी होत नाही. नळीचा धडाका घटतो, गोळीचा फटकारा तसाच राहतो, कारण तो वाटेभर हवेत होतो, नळीवरच्या डब्याचा त्याच्याशी संबंध नाही. सिनेमात 'फुस्स' होऊन माणूस पडतो ते खोटे आहे. उघड्या रायफलचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास असतो. त्यातले वीस-तीस कमी झाले तरी उरतो तो मिरवणुकीतल्या डीजेलाही मागे टाकणारा. खरोखर मुकी रायफल हवी असेल तर गोळी ध्वनीपेक्षा हळू चालली पाहिजे. हळू म्हणजे कमी पल्ला, कमी भेदकता, आणि वाटेत जास्त खाली येणारी गोळी. शांतता हवी तर वेग सोडावा लागतो. बगदादच्या बुंदुकाकडे परत जावे लागते.

ते प्रत्यक्षात आले दुसऱ्या महायुद्धात. विल्यम डी लाइल नावाच्या इंग्रजाने 1943 च्या सुमारास एक आखूड रायफल तयार केली. सांगाडा आपल्या ओळखीच्या ली-एन्फिल्डचाच, पण तिच्यातून जाई पिस्तुलाची जाड, जड, सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास चालणारी गोळी, आणि नळीभोवती मोठा सायलेन्सर. झाडल्यावर सर्वांत मोठा आवाज येई तो पुढची गोळी भरताना खटका मागेपुढे केल्याचा. अशा रायफली फार थोड्या झाल्या, दीडशेच्या आतच. शत्रूच्या मुलखात शिरणाऱ्या कमांडोंसाठी त्या होत्या. काही बर्माच्या आघाडीवर गेल्या, नंतर मलायात वापरल्या गेल्या. पहाऱ्यावरचा माणूस पडावा आणि दहा पावलांवरच्या दुसऱ्या पहारेकऱ्याला कळू नये, एवढ्यासाठीच ही सगळी खटपट.

ज्या वर्षांत इंग्रज सरकार युरोपात बंदूक मुकी करत होते, त्याच वर्षांत आमच्या जिल्ह्यात त्याच सरकारची बंदूक ऐकू येण्यासाठी झाडली जात होती.

तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. इस्लामपूर सातारा जिल्ह्यात, वाळवा तालुक्याचे ठाणे. ऑगस्ट 1942 च्या ठरावानंतर जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. हातात तिरंगा, मागणी एवढीच की कचेरीवर तो लावू द्या. कराडला मोर्चा झाला. तासगावला 3 सप्टेंबरला झेंडा चढला. मग सरकारने ठरवले की पुरे. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. दुसऱ्याच दिवशी, 10 सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघे गेले. त्यांत एक होते पंड्या, किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर.

वडूजचा गोळीबार आदल्या दिवशी झालेला असताना माणसे इस्लामपूरला आली, हे मला नेहमी थांबवते. पंड्यांसारखा कारखान्यातला शिकलेला माणूस आणि वाळव्याचा शेतकरी एकाच मोर्चात होता. कचेरीपुढे बार उडाला तो समोरच्या दोघांसाठी नव्हता. तो बाजारपेठेने ऐकायचा होता, आणि बाजारातून आसपासच्या गावांनी. जालियनवाला बागेत 1919 ला डायरने 1,650 गोळ्या झाडल्या आणि चौकशी समितीपुढे कबूल केले की नुसती गर्दी पांगवणे हा हेतू नव्हता, साऱ्या पंजाबवर वचक बसवायचा होता. वडूज-इस्लामपूर त्याच विचाराचे. मलिक-ए-मैदानच्या जबड्यातला हत्ती आणि हे, हेतू एकच.

पण आवाजाचे एक असते. तो सोडणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. ज्याने ऐकला तो साक्षीदार झाला. सरकार म्हणू शकत होते की जमाव हिंसक होता, गोळीबार नाइलाजाने केला, मेलेले इतकेच. गोळीबार झालाच नाही असे म्हणण्याची सोय मात्र त्याला राहिली नाही. अख्ख्या गावाने ऐकले होते.

परिणाम सरकारला अपेक्षित होता त्याच्या उलटा झाला. उघडे मोर्चे थांबले हे खरे. पण चळवळच मुकी झाली, म्हणजे भूमिगत झाली. 1943 पासून याच वाळवा-तासगाव-कराडच्या पट्ट्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. नाना येडेमच्छिंद्रचे, याच तालुक्यातले. कुंडलला जी. डी. बापू लाड आणि तुफान सेना, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी. ज्यांच्याकडे मोजकी हत्यारे, त्यांना रात्र, उसाचे फड आणि निरोप्या हेच जास्त कामाचे. त्यांनी बंदूक झाडली की ठिकाण कळणार. झाडावी लागली तेव्हा झाडलीच. फेब्रुवारी 1945 मध्ये मणदूरच्या खोऱ्यात किसन अहिर आणि नानकसिंग चकमकीत पडले. त्याआधी 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीचा तुरुंग भर दिवसा फोडून बाहेर पडले, तेव्हा पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले, दादांच्या खांद्यात गोळी लागली. सांगली तेव्हा संस्थान. तिथेही बार साऱ्या शहराने ऐकले, आणि म्हणूनच कुणी पळून जाताना पाय घसरून मेला अशी कागदावर नोंद करणे शक्य नव्हते.

मुकी गोळी हे शक्य करते. म्हणून ती गुप्त खात्यांना आवडते, आणि म्हणून मला तिची डीजेपेक्षा जास्त भीती वाटते.

कायद्यालाही ती भीती आहे. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोडसामग्री सर्वांत कडक वर्गात टाकली आहे, तोफा आणि मशीनगन ज्या वर्गात आहेत त्याच वर्गात. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक शेतकऱ्याला मिळू शकते, सायलेन्सर मिळत नाही. फिनलंड, नॉर्वेमध्ये शिकारी तो सर्रास वापरतात, कान वाचावेत आणि वस्तीला त्रास होऊ नये म्हणून, आणि त्या देशांचा त्यात विचार आहे हे मान्य. मॅक्झिमच्या बापाची हकिकत वाचल्यावर कानांची बाजू हसण्यावारी नेता येत नाही. पण आमच्याकडे पश्चिमेला शिराळ्याच्या वर चांदोलीचे जंगल आहे, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलेले. त्या दऱ्यांत पायी हिंडणाऱ्या वनरक्षकाला चोरट्या शिकाऱ्याचा सुगावा लागतो तो बाराच्या आवाजावरून. दिशा कळते, अंतराचा अंदाज येतो. त्या माणसाच्या बाजूने पाहिले तर आपला कायदा मला बरोबर वाटतो.

उरलेली मुकी बंदूक सामान्य माणसाच्या वाट्याला येते ती हवेच्या दाबावरची, छऱ्याची. तिचाही इतिहास मोठा आहे. ऑस्ट्रियाच्या फौजेने 1780 च्या आसपास जिरांदोनी नावाच्या कारागिराची अशी रायफल प्रत्यक्ष लढाईसाठी घेतली होती. एकामागून एक वीसेक गोळ्या, ना धूर, ना मोठा बार. पण तिची हवेची टाकी हाताने भरायला दीड हजार वेळा पंप मारावा लागे आणि ती सतत नादुरुस्त होई, म्हणून 1815 पर्यंत ती मागे पडली. आमच्याकडे संभूआप्पा-बुवाफन यांचा उरूस भरतो, त्यात पाळण्यांच्या शेजारी फळीवर रंगीत फुगे लावून तीच जात उभी असते. दहा रुपयांत काही छरे. गलोलीच्या मातीच्या गोळीसारखाच तिचा छरा हळू जातो, आणि आवाज येतो तो फुग्याचा.